फ्लेक्सवर मुलं नव्हती

कंपनीला पाळणाघर चालवायला कुणीतरी हवंय, ही बातमी मला एका आईनंच आणून दिली. चाकणला आमच्या गल्लीसमोर मोठा रस्ता आहे, तो ओलांडला की ती कंपनी. गाड्यांच्या आत ज्या वायरी असतात, त्यांचे जुडगे तिथं बांधतात. बोटांचं बारीक काम, म्हणून बायका जास्त. त्यांतल्या पुष्कळ जणींची मुलं माझ्याकडं असतात. पहिल्या शिफ्टच्या आधी आया येतात, खांद्यावरचं झोपलेलं पोर माझ्या खांद्यावर देतात आणि पळतात. पोराला कळतही नाही की खांदा बदलला.

मी आणि सुमनताई मिळून सोपानरावांच्या तीन खोल्यांत हे पाळणाघर चालवतो. कंपनीतल्या बायकांची मुलं, आणि त्यांच्याबरोबर चार-दोन कांदा मार्केटमध्ये काम करणाऱ्यांची. आता कंपनी स्वतःच्या फाटकाच्या आत पाळणाघर बांधत होती. ते चालवायला बाहेरच्या कुणाला तरी देणार होती. ज्यांना हवं त्यांनी यावं आणि पडद्यावर पंधरा मिनिटांत आपलं काम दाखवावं, असं ठरलं होतं. पुण्याची एक मोठी संस्थाही येणार होती. ती जिंकली, तर आमची मुलं फाटकाच्या आत जाणार आणि आमच्या खोल्यांना कुलूप लागणार. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी ठरवलं की पडद्यावर आपणच दाखवायचं.

“काय दाखवणार? आपण काय सिनेमातल्या हाय?” सुमनताई म्हणाली.

“शिकायचं.”

“या वयात?”

“अक्षरं कुठल्या वयात शिकले मी?”

माझी अक्षरं चाळिशीनंतरची. दुधाच्या बाटल्यांची अदलाबदल व्हायला लागली, तेव्हा आयांनी त्यांवर पोरांची नावं चिकटवली. ती नावं ओळखता ओळखता मी वाचायला लागले. शाळेत म्हणे ज्ञ सगळ्यांत शेवटी शिकवतात. माझ्याकडं ज्ञानेश नावाचं पोर होतं, त्यामुळं ज्ञ पहिल्याच महिन्यात आला आणि त्यानं मला फार छळलं. पण आला.

मार्केटच्या रस्त्याला रियाजभाईंचं गॅरेज आहे. त्याच्या माडीवर त्यांची मुलगी इफ्फत संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास घेते. खाली हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर टेबलं थरथरतात. रस्त्यावर कांद्याचे ट्रक लागलेले असतात, त्यांचा वास जिन्यातून वर येतो. क्लासमध्ये बहुतेक सगळे कंपन्यांतले लोक. युनिफॉर्म न बदलता येतात आणि पंख्याखालची जागा धरतात. माझ्या शेजारी सयाजी नावाचा गडी बसायचा, कारखान्यात पत्रा दाबतात त्या प्रेस शॉपमधला.

“मावशी, तुम्ही कुठल्या लाइनला?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“दुधाच्या.”

“मग तुम्हाला पीपीटी कशाला? आमचं एक ठीक आहे. आमच्याकडं नट-बोल्टांचा ट्रे डावीकडचा उजवीकडं ठेवला, तरी त्याच्या आठ स्लाइडी कराव्या लागतात. आधी, नंतर, फायदा, धन्यवाद.”

“ट्रे उजवीकडं ठेवून फायदा झाला का पण?”

“झाला की. मला इथं येऊन बसायला मिळालं.”

इफ्फत शिकवायला शांत. क्लासमध्ये मी तिला मॅडम म्हणायचे आणि जिना उतरला की पोरी. माउस माझ्या हाताखालून पळायचा, तर म्हणाली, “मावशी, दाबू नका. झोपलेल्या बाळावर हात ठेवता ना, तसा ठेवा नुसता.” ते मला लगेच जमलं. घोळ झाला तो पुढं. बटणांवर सगळी इंग्रजी अक्षरं! एवढ्या कष्टानं मिळवलेली माझी अक्षरं, आणि त्यांतलं एकही तिथं नाही. मी खुर्ची मागं सरकवली. इफ्फतनं माझा मोबाइल घेतला, त्यात काहीतरी दाबलं आणि म्हणाली, “बोला. तो लिहील. मग आपण ते कॉम्प्युटरवर घेऊ.”

मी बोलले आणि मोबाइल मराठीत लिहायला लागला. झरझर. माझ्याच तोंडचं, माझ्याच डोळ्यांसमोर. त्या दिवशी सुमनताई सोबत आली होती. ती मधेच “माझं नाव आधी घाल” म्हणाली, मी “गप बस गं” म्हणाले, तेही लिहिलं गेलं. इफ्फतनं ते पडद्यावर घेतलं आणि सयाजीनं मोठ्यानं वाचलं, “आमच्या पाळणाघरात मुलांना घरच्यासारखं प्रेम मिळतं माझं नाव आधी घाल गप बस गं.” क्लास हसून लोळला. सुमनताईनं पदरात तोंड घातलं.

पहिली स्लाइड मी मन लावून केली. आता लोकांसमोर एखादी गोष्ट मांडायची म्हणजे कशी मांडायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. थेरगावच्या डांगे चौकात जा, नाहीतर आमच्या चाकणच्या चौकात उभं राहा. वाढदिवस असो, रस्त्याचं काम असो, दहावीचा निकाल असो, फ्लेक्स लागतो. वर मध्ये गणपती. त्याखाली मोठ्या माणसाचा मोठा फोटो. मग मानाप्रमाणे लहान लहान होत गेलेले गोल. खाली हात जोडलेली मंडळी. मी तशीच स्लाइड केली. गणपती, कंपनीच्या साहेबांचा फोटो, बाजूला मार्गदर्शक म्हणून सोपानराव, काळा चष्मा लावलेले. त्यांनी तो फोटो स्वतः पाठवला होता आणि गल्लीत चार जणांना सांगूनही झालं होतं. खाली हात जोडून मी आणि सुमनताई.

“माझा गोल चिंचोक्याएवढा आणि तुझा पापडाएवढा,” सुमनताई म्हणाली.

“मी मोठी आहे तुझ्याहून.”

“वयानं. कामानं न्हाई.”

इफ्फत मागं येऊन उभी राहिली होती. बराच वेळ तिनं बघितलं. मग विचारलं, “मावशी, सगळे आले. मुलं कुठं आहेत?”

मी पडद्याकडं बघितलं. खरंच की. पाळणाघराची जाहिरात, आणि त्यात एकही मूल नाही. साहेब होते, चष्मा होता, गणपती होता.

ती स्लाइड काढली. सोपानराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी आयांना विचारून मुलांचे फोटो काढले. काढताना सुमनताईच्या मांडीवर पोर असायचंच, त्यामुळं ती प्रत्येक फोटोत आली आणि चांगली मोठी आली. तो वाद तिथं मिटला.

पण दुसरा वाद इफ्फतशी झाला, आणि तो सोपा नव्हता. मी फोटोखाली लिहायला लागले. मोबाइल लिहितोय म्हटल्यावर मी काय सोडते! बाटल्या कशा उकळतो, ताप आला तर काय करतो, शिफ्ट बदलली की आमची वेळ कशी बदलते, सगळं. स्लाइडवर मुंगीएवढी अक्षरं झाली. त्यांवर बोट ठेवून मी एक एक शब्द वाचून दाखवायची तयारी करत होते. इफ्फतनं ऐकलं आणि म्हणाली, “हे सगळं काढा.”

“काढू? का?”

“तुम्ही वाचत बसलात तर ते तुमच्याकडं बघणार नाहीत. स्लाइडवर फोटो ठेवा. बोलायचं तोंडानं.”

“हे बघ पोरी,” मी क्लासमध्येच तिला पोरी म्हणाले, “अर्धं आयुष्य गेल्यावर मला ही अक्षरं मिळाली. पुण्याची ती माणसं चकाचक लिहून आणणार आणि मी फोटो दाखवू? बाईला लिहिता येत नाही म्हणून फोटो आणले, असं म्हणतील ते.”

कॉम्प्रेसर सुरू झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

“तुम्हाला लिहिता येतं हे दाखवायचंय, का पाळणाघर पाहिजे?” तिनं विचारलं.

मला राग आला होता. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. खाली रियाजभाई एका रिक्षाच्या पोटात डोकं घालून बसले होते. “शिकवते ना नीट?” त्यांनी विचारलं. “नीटच शिकवते,” मी म्हणाले, आणि तो राग रस्त्यावर येईपर्यंतच टिकला.

तरी मी काही लगेच अक्षरं काढली नाहीत. ती काढायची वेळ रुपालीमुळं आली.

रुपाली त्याच कंपनीत, त्याच वायरींच्या लाइनला. पण ठेकेदाराकडून. कायमच्या बायकांचा युनिफॉर्म निळा, ठेकेदाराच्या बायकांचा करडा. काम एकच, टेबलही एकच. तिची ईश्वरी वर्षाची होती. एका संध्याकाळी पोरीला घ्यायला आली, ती दारातच घुटमळली.

“मावशी, तुम्ही आत जाणार म्हणं.”

“मिळालं तर.”

“मग ईश्वरीचं काय करू?”

“काय करू म्हणजे? तीही येणार.”

“न्हाई येणार. आत फक्त निळ्यांची घेणारेत. आमचं नाव कंपनीच्या पटावर न्हाई ना.”

मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दिपाली मॅडमना फोन लावला. माणसं नेमण्याचं, त्यांच्या सोयींचं काम त्या बघतात. बाई सरळ आहेत. म्हणाल्या, “हो मावशी, तसाच नियम ठरलाय. ठेकेदाराच्या लोकांची जबाबदारी ठेकेदाराची.” मी मनात मुलं मोजली. निम्म्याहून जास्त करड्या युनिफॉर्मची. म्हणजे मी हरले तर खोल्या बंद, आणि जिंकले तर निम्मी पोरं बाहेर ठेवून मी आत. याला जिंकणं म्हणायला माझी जीभ वळेना.

सुमनताई म्हणाली, “आधी आत तर जाऊ. मग बघू.”

“एकदा आत गेलं की कुणी बघत नाही, सुमे.”

हे साहेबांना त्यांच्या तोंडाकडं बघूनच विचारायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी क्लासला गेले आणि इफ्फतला म्हणाले, “मॅडम, काढा अक्षरं. सगळी.”

“सगळी कशाला? पाळणाघराचं नाव राहू द्या.”

“बरं, नाव राहू द्या.”

मग आम्ही दोघींनी बसून केलं. मला हवा असलेला फोटो दुपारच्या झोपेचा होता. सतरंजीवर ओळीनं पोरं निजलेली, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाची मूठ तोंडात. तो मी एकट्या स्लाइडवर अख्खा पसरला. त्यावर एक अक्षर नाही. सयाजी शेजारून वाकून बघत होता. म्हणाला, “मावशी, एक इफेक्ट टाका की. गोल फिरत येईल.”

“झोपलेत ते. फिरवू नकोस.”

ठरल्या दिवशी मी इरकल नेसले. सुमनताईनं गजरा माळला आणि वाटेत तीनदा काढून पुन्हा लावला. पुण्याची मंडळी आधी आत गेली होती. दोन तरुण मुली आणि एक गृहस्थ. बाहेर आले तेव्हा त्यांनी आम्हाला नमस्कार केला. त्यातली एक मुलगी म्हणाली, “आत एसी खूप आहे हं, पदर घ्या.” चांगली माणसं होती.

आत लांब टेबल. दिपाली मॅडम, आणखी दोघं, आणि मध्ये कारखान्याचे मोठे साहेब. बटण दाबायचं काम सुमनताईकडं होतं. मी “पुढं” म्हणाले की तिनं दाबायचं. पहिल्याच फोटोला ती विसरली आणि स्वतःकडंच बघत राहिली. मी तिच्या पायावर पाय दिला.

मी बोलले. अंधारात आया मुलं कशी सोपवतात, ते बोलले. या आठवड्यात पहिली शिफ्ट, पुढच्या आठवड्यात दुसरी, तशी आमची चूल आणि आमची झोप कशी बदलते, ते बोलले. वाचायला काही नव्हतंच, त्यामुळं मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि ते माझ्या. इफ्फत खरं म्हणत होती.

दिपाली मॅडमनी विचारलं, “तुमच्यापैकी बालसंगोपनाचं प्रशिक्षण किती जणींचं झालंय?”

“एकीचंही नाही. पाठवा, जाऊ. संध्याकाळचा क्लास असला तर उत्तमच, आम्हाला सवय लागलीय.”

साहेब थोडे हसले. मी म्हणाले, “पुढं.”

पडद्यावर निजलेली पोरं आली. त्यांना बघू दिलं. मग म्हणाले, “साहेब, आत फक्त कंपनीच्या बायकांची मुलं घ्यायची, असा नियम आहे. मला मान्य आहे, पण मला ओळखू येत नाही. यातली कंपनीची कुठली आणि ठेकेदाराची कुठली, ते तुम्ही दाखवा. तेवढीच आणते.”

खोली गार होती, आणखी गार झाली. दिपाली मॅडम कागदावर बघायला लागल्या. साहेब मात्र खरंच पुढं वाकले. चष्मा वर केला, खाली केला, आणि ओळीच्या कडेच्या एका गुबगुबीत पोराकडं बोट केलं.

“हा नक्की कंपनीचा.”

“तो कांदा मार्केटमधल्या हमालाचा, साहेब. तो कुणाच्याच पटावर नाही.”

आधी सुमनताई हसली, मग साहेब हसले, मग सगळे. हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले, “मावशी, नियम माझ्या एकट्याचा नाही. विमा असतो, ठेकेदार असतो. बघावं लागेल.”

“बघा. पण घ्यायची तर सगळी घेईन. मार्केटची चार-दोन आहेत, त्यांना सुमनताई आमच्या जुन्याच खोल्यांत सांभाळेल, त्यांचा भार तुमच्यावर नाही. फाटकातून कामाला येणाऱ्या बाईचं पोर फाटकातून आत येईल. नाहीतर पुण्याची माणसं चांगली आहेत, त्यांना द्या.”

हे बोलायचं ठरलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर सुमनताई फाटकापर्यंत भरभर चालली. मग म्हणाली, “त्यांना द्या म्हणं! तुझ्या बापाचं हाय का?” आणि रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला.

काही दिवसांनी दिपाली मॅडमचा फोन आला. काम आम्हाला दिलं होतं. ठेकेदाराच्या बायकांची मुलंही घेणार होते. सुमनताईनं गल्लीत पेढे वाटले. सोपानरावांनाही दिला, त्यांनी दोन घेतले. मी फोनवर एवढंच म्हणाले होते, “लेखी द्या, मॅडम.”

पत्र आलं. मी चष्मा लावला आणि दारात बसून, बोट ठेवून, सावकाश वाचलं. इथं कुणाला घाई नव्हती. वेळा होत्या, प्रशिक्षणाचं होतं, सगळं ठीक होतं. शेवटून तिसऱ्या ओळीत माझं बोट थांबलं. कंत्राटी महिला कामगारांच्या मुलांना जागा शिल्लक असल्यास प्रवेश देण्यात येईल.

मी पत्राची घडी केली आणि तशीच चालत कंपनीत गेले.

“मॅडम, जागा शिल्लक आहे का नाही, हे कोण ठरवणार?”

“तसं लिहायची पद्धत असते, मावशी. आम्ही घेऊच ना सगळ्यांना.”

“तुम्ही घ्याल. तुमच्या जागी उद्या दुसऱ्या मॅडम येतील. त्या हे वाचतील. आधी येईल त्याला आधी, निळा असो नाहीतर करडा, असं लिहा. मग मी सही करते.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर सही नाही.”

त्या पत्र घेऊन आत गेल्या. मी बाहेरच्या सोफ्यावर बसले. समोर काचेच्या कपाटात कंपनीला मिळालेल्या ढाली होत्या. मला तेव्हा भीती वाटली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पेढे वाटून झाले होते. पण आतून एक गोष्ट पक्की वाटत होती. साहेबांना पोरं ओळखता आली नव्हती, आणि हे त्यांनी सगळ्यांसमोर हसून कबूल केलं होतं. तसं हसलेलं माणूस सहज मागं फिरत नाही. चहा आला, मी प्यायले. दुसरा आला, तोही प्यायले.

दिपाली मॅडम नवा कागद घेऊन आल्या. “आधी येईल त्याला आधी,” त्या म्हणाल्या. “साहेब म्हणाले, मावशींना विचारा, अजून काही राहिलंय का.”

मी तो अख्खा पुन्हा वाचला. मग सही केली. सही करायला मला वेळ लागतो, त्या थांबल्या.

पाळणाघर सुरू झालं त्या सकाळी मी फाटकाच्या आत, वॉचमनच्या केबिनशेजारी उभी होते. बस आली. निळ्या बायका पोरांना घेऊन आत शिरल्या. रुपाली मागं राहिली. ईश्वरी तिच्या खांद्यावर झोपली होती. वॉचमननं कार्ड बघितलं, मग पोरीकडं बघितलं. रुपाली नुसती उभी. माझ्याकडं बघेना, पुढंही येईना. पाय सवयीनं आमच्या गल्लीकडं वळायला लागले होते.

“अगं, इकडं,” मी म्हणाले. “लवकर. तुझी लाइन सुरू होईल.”

वॉचमन बाजूला झाला. ती आली आणि ईश्वरीला माझ्या खांद्यावर दिलं. पोरगी जागी झाली नाही. रुपाली लाइनकडं पळाली, आणि मी पोरीला घेऊन आत गेले.